भूक मेली

भिलाईत कारखाना उभा राहत होता तेव्हा इथे नाही नाही ती माणसं येऊन गेली. चोर आले, ठग आले, रशियन आले, दुसऱ्याच्या नावावर नोकरीला लागलेले आले, तीन गावांत तीन संसार असलेला एक मुकादम आला. या सगळ्यांना मी जेवायला वाढलं आणि सगळ्यांशी भांडलो, पण त्यांच्यापैकी कुणालाही माझं काही बिघडवता आलं नाही. माझं बिघडवलं ते एका सज्जन माणसाने. जन्मात खोटं न बोललेला, कुणाच्या वस्तूला हात न लावणारा, मुंगी दिसली तर वळसा घालून जाणारा असा तो गृहस्थ होता. माझा अनुभव सांगतो, अशा माणसापासून चार हात लांब राहावं. चोराशी सौदा करता येतो. सज्जनाशी करता येत नाही, कारण आपण काय विकायला बसलो आहोत हेच त्याला कळत नाही.

मी भंडाऱ्याकडचा. घरची जमीन भावाभावांत वाटता वाटता माझ्या वाट्याला नुसता बांध उरला, तेव्हा एक पातेलं, एक स्टोव्ह आणि बायको घेऊन मी भिलाईच्या पावर हाउस स्टेशनवर उतरलो. आधी चहा विकला, मग चण्याची तर्री आणि पोहे विकले, मग स्टेशनच्या अंगाला टिनाचं शेड टाकून खानावळ काढली. ताट भरपेट होतं. एकदा ताटावर बसला की उठेपर्यंत पोळी-भात वाढायचा. आमच्या विदर्भातली सगळी मंडळी, कारखान्यातले फिटर, त्यांच्या हाताखालचे खलाशी, रेल्वेतले लोक, माझ्याकडेच जेवत. कुणी उपकार केले नाहीत. भाजीवाल्याशी, लाकूडवाल्याशी, पिठाच्या गिरणीवाल्याशी रोज घसा कोरडा करून मी ते शेड उभं ठेवलं होतं. भाव करताना माझा आवाज स्टेशनच्या दुसऱ्या फलाटावर ऐकू जातो असं लोक म्हणत. म्हणोत.

या गृहस्थाला सगळे आतडेवाले साहेब म्हणायचे. तो मूळचा नागपूरचा, शिकून विलायतेला जाऊन आलेला. उन्हात आणि आगीजवळ काम करणाऱ्या मजुरांच्या पचनाचा अभ्यास करायला कुठल्याशा सरकारी खात्याने त्याला पाठवलं होतं आणि रुआबांध्याकडे एका बराकीतल्या दोन खोल्या दिल्या होत्या. तो डॉक्टर होता, पण औषध देणारा नव्हे. पोट धरून कुणी त्याच्या दारात गेलं तर आनंदाने खुर्ची द्यायचा, दुखणं नेमकं कुठून कुठे सरकतं ते तासभर विचारायचा आणि शेवटी म्हणायचा, "फार छान. आता दवाखान्यात जा." त्याच्या डोक्यात एकच गोष्ट होती, लहान आतडं. माणसं त्याच्या दृष्टीने आतडं इकडून तिकडे नेण्याची सोय होती. लग्न झालेलं नव्हतं. का नाही केलं असं माझ्या बायकोने एकदा विचारलं, तर म्हणाला, "राहून गेलं, वहिनी." दाराची कडी लावायची राहून गेली असं म्हणावं, तशा आवाजात.

त्याची माझी गाठ पडली ती खाटकाच्या दुकानात. मी मटण घ्यायला गेलो होतो आणि हा तिथे हातात पिशवी धरून हताश उभा होता. त्याला शेळीचं आतडं हवं होतं, जठराच्या लगेच पुढचं हातभर, ताजं, अजून गरम असलेलं. आपल्या मराठीत आतड्याला बोटी म्हणतात, म्हणून त्याने हिंदीतही बोटीच मागितली. खाटीक रायपूरकडचा. त्याच्या भाषेत बोटी म्हणजे मटणाचा तुकडा. आठवडाभर तो बिचारा निवडक मांडीचे तुकडे देत होता आणि हा बिचारा ते घरी नेऊन विचारात पडत होता. पुस्तकातलं आतडं असं नसायचं, पण छत्तीसगढची हवा वेगळी असेल, अशी त्याने आपली समजूत घालून घेतली होती. जन्माचा शाकाहारी माणूस, मांडी आणि आतडं यांतला फरक त्याला कागदावरच माहीत. खाटीक मला म्हणाला, "साहब ने बोटी माँगी, हमने बोटी दी. हमारा क्या कसूर?" मी मध्ये पडलो, बोंबललो आणि मांडीच्या भावात नव्हे, तर जवळजवळ फुकटात, रोजची आतडी बांधून दिली. खाटीक ती नाहीतरी कुत्र्यांना टाकायचा. आतडेवाल्या साहेबांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. तिथेच मी फसलो.

त्या दिवसापासून तो माझ्याकडे जेवायला यायला लागला. माझ्या बायकोच्या हातचं पातळ वरण आणि कढी त्याला मानवायची, कारण आतड्यांवर एवढा अधिकार असलेल्या या माणसाचं स्वतःचं आतडं मात्र अगदी नादार होतं. त्याच्या अंगाला उकडलेल्या आतड्यांचा आणि शिरक्यासारखा कसला तरी आंबूस वास यायचा. त्याच्या शेजारी कुणी बसत नसे. मी त्याला चुलीजवळचा कोपरा नेमून दिला. तो तिथे बसायचा आणि स्वतःच्या ताटाकडे न बघता लोकांच्या ताटांकडे बघायचा. हातात घड्याळ. कोण कुठल्या पोळीवर थबकतो, पाणी कधी पितो, पट्टा कधी सैल करतो, सगळं बघायचा. एकदा उठून एका दांडग्या मुकादमाजवळ गेला आणि अगदी गंभीरपणे त्याने विचारलं, "तिसऱ्या पोळीनंतर तुम्हाला आत काय वाटलं?" मुकादम म्हणाला, "चौथीची वाट पाहून राहिलो जी." सगळं शेड हसलं. साहेबांना ते उत्तर फार मोलाचं वाटलं.

त्याचं म्हणणं मला त्याने कितीदा तरी सांगितलं आणि खरं सांगतो, मला ते पटलं होतं. "भूक पोटात नसते, भाऊ," तो म्हणायचा. "पोट नुसती पिशवी आहे. हिशेब आतडं ठेवतं." तेलतूप आतड्याच्या पहिल्या वळणावर पोचलं की आतड्याच्या अस्तरातून एक रस सुटतो, तो रक्तातून फिरतो आणि वर कळवतो की आता बस झालं. तो रस त्याला आतड्यातून काढून बाटलीत भरायचा होता. आतडं आणल्या आणल्या उकळत्या पाण्यात टाकायचा, नाहीतर आतड्यातलेच दुसरे रस या रसाला खाऊन टाकतात म्हणे. भाऊबंदकीच ती, मला लगेच समजली. मग ते आम्लात भिजवायचं, गाळायचं, पुन्हा गाळायचं. शेवटी चमचाभर तपकिरी पाणी उरायचं. ते मांजराला टोचायचं आणि पुढे दूध ठेवायचं. मांजरं त्याला शोधावी लागत नसत. आतड्यांच्या वासाने अख्ख्या रुआबांध्याची मांजरं त्याच्या पायरीवर मुक्कामाला असत.

पहिल्यांदा एका मांजराने दूध हुंगलं, तोंड फिरवलं आणि ते अंग चाटत बसलं, तेव्हा हा माणूस दारात येऊन "मेली, मेली" असं ओरडला. बराकीतल्या बायका धावल्या. मांजर मारण्याचं पाप तुम्हाला ठाऊक आहे. एक म्हातारी तर काशीला सोन्याचं मांजर द्यावं लागतं म्हणून तिथेच रडायला लागली. तो पुन्हा पुन्हा सांगत होता, "मांजर नाही हो, भूक मेली." कुणी ऐकेना. शेवटी मांजरच उठून बाहेर आलं तेव्हा गर्दी हटली. पण त्या दिवसापासून 'भूक मेली' हा त्याचा शब्द झाला. जगात याहून सुंदर शब्द नाही अशा भावाने तो ते म्हणायचा. एखाद्याच्या घरी मुलगा झाला असं सांगावं तसं.

यात माझा फायदा काय, असं विचाराल. फायदा नसता तर मी तो वास चुलीजवळ बसवला असता का? त्यानेच मला सांगितलं की तर्री शेवटी वाढू नका, आधी वाढा. मी सुरुवातीलाच वाटीभर तेलाची तर्री द्यायला लागलो. आणि काय सांगू, सहा पोळ्यांचा गडी चारावर हात धुवायला लागला. बरं, उपाशी नाही उठायचा. ढेकर देऊन, मिशीवरून हात फिरवून, बायकोला "वयनी, झकास" म्हणून उठायचा. पोळी माझी वाचली, पोट त्याचं भरलं. असा सौदा मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही. त्या दिवसांत मी या माणसाला घरचा समजत होतो. माझी बायको त्याच्यासाठी कढीत मिरची घालायची नाही. मला घालायची.

मग शेडं उठवण्याचा हुकूम आला. स्टेशनकडून रस्ता रुंद होणार होता. माझ्यासारखे सगळे टिनवाले उघड्यावर येणार होते. त्याच वेळी रिसालीकडे बांधकामाच्या एका मोठ्या ठेकेदाराची मजूर-छावणी उभी राहत होती आणि तिच्या मेसचा ठेका निघाला. पक्की विटांची भटारखान्याची खोली, वर धुराडं, नळाचं पाणी. बायको मला ती खोली बघायला घेऊन गेली. रिकाम्या खोलीत उभी राहून वर धुराड्याकडे बघत राहिली. टिनाखालच्या धुराने तिचे डोळे कायम लाल असायचे. ती काही बोलली नाही, आणि न बोलणारी बायको किती मागते ते नवऱ्यालाच कळतं. मी त्या ठेक्यासाठी जंग जंग पछाडलं. शेवटी दोघेच उरलो, मी आणि रायपूरचा एक व्यापारी. छावणीचे मोठे साहेब उत्तरेकडचे, भला माणूस. म्हणाले, भाव दोघांचे सारखेच आहेत, तुमच्याकडे रोज जेवणारा एखादा प्रतिष्ठित माणूस आणा, त्याच्या तोंडून ऐकतो आणि ठरवतो.

विलायतेला जाऊन आलेला, खोटं न बोलणारा, रोज माझ्याकडे जेवणारा. भिलाईत याच्याइतका प्रतिष्ठित माणूस मला कुठे मिळणार होता? मी त्याला धुतलेला कोट घालायला लावला. रस्ताभर पढवलं की जास्त बोलू नका, एवढंच म्हणा, "खाना अच्छा है." तो म्हणाला, 'अच्छा' हे काही मोजमाप नव्हे. मी म्हणालो, मोजमाप मेलं चुलीत, तेवढंच म्हणा. तो हो म्हणाला. पण साहेबाच्या खोलीत शिरल्यावर, माझ्याकडे बघितल्यावर, त्याला भरून आलं असावं. नुसतं 'अच्छा' म्हणून या माणसाचे उपकार फिटणार नाहीत असं त्याला वाटलं असावं. त्याने घसा साफ केला आणि आपल्याजवळ होतं नव्हतं तेवढं सगळं कौतुक एका वाक्यात ओतलं.

"साहब, इनके खाने से भूख मर जाती है."

मोठ्या साहेबांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. त्यांनी विचारलं, मर जाती है? हा म्हणाला, बिलकुल. मी स्वतः रोज बसून पाहिलं आहे. सहा रोटी खाणारा माणूस यांच्याकडे चारावर थांबतो, पुढे त्याला खाववतच नाही. दुसऱ्या कुठल्याही खानावळीत असं होत नाही, मी जाऊन पाहिलं आहे. मी त्याच्या कोटाची बाही ओढत होतो. त्याला वाटलं मी लाजतो आहे. तेवढ्यात तिथेच बाजूला बसलेला तो रायपूरचा व्यापारी हात जोडून हळूच म्हणाला, "हमारे यहाँ तो साहब, भगवान की दया से, भूख लगती है."

धुराडं गेलं.

इथे तरी हा माणूस थांबायला हवा होता. पण मी दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही तेव्हा आपलं बोलणं शास्त्रीयदृष्ट्या अपुरं पडलं अशी त्याने समजूत करून घेतली. मला न सांगता तो पुन्हा छावणीत गेला, ती तपकिरी पाण्याची बाटली घेऊन. साहेबांच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाला की घाबरू नका, हे शेळीच्या आतड्याचं पाणी आहे, मी मांजरांना टोचतो, आणि यांच्या तर्रीत हाच गुण आहे. ही बातमी छावणीतून पावर हाउसला सायकलीच्या आधी पोचली. दुसऱ्या दिवशी ताटावर बसता बसता एक फिटर मला म्हणाला, "कावून भाऊ, आज तर्री चुलीवरची हाय का बाटलीतली?" दुसरा म्हणाला, "मांजरीले वाढा आधी. ती बसली त आमी बसतो." हसून म्हणाले, पण हसणारा माणूस परवा येत नाही. शेड उठायच्या आधीच माझं शेड रिकामं झालं.

मी तणतणत रुआबांध्याला गेलो. तो आतडी गाळत बसला होता. मला बघून त्याचा चेहरा उजळला आणि त्याने माझ्यासाठी खुर्ची पुसली. त्या खुर्चीला मी लाथ मारली.

"तुमी माह्यं घर बुडवलं, साहेब."

"पण मी तर स्तुती केली तुमची. खरी स्तुती."

"ते खरं कोणी मांगलं होतं तुमाले? अच्छा म्हणा म्हटलं होतं मी, अच्छा. दोन अक्षरं तुमाले जड झाली?"

तो उभाच राहिला. हातातलं आतडं ठिबकत होतं. मी आणखी पुष्कळ बोललो, ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याच्या शिक्षणाबद्दल बोललो, नसलेल्या बायकोबद्दल बोललो. त्याने सगळं ऐकून घेतलं. कान पाडून नव्हे, लक्ष देऊन. मी दम खायला थांबलो तेव्हा जवळ येऊन, खालच्या आवाजात, काळजीने म्हणाला, "भाऊ, हे असं चिडल्यावर तुम्हाला पोटात नेमकं कुठे वाटतं?"

मी त्याला मारलं नाही, हे माझ्या आयुष्यातलं मोठं आश्चर्य आहे. उद्यापासून माझ्या दारात पाय ठेवायचा नाही एवढंच सांगून निघालो. त्याने ठेवला नाही. शब्दाचा पक्का होता, मेला. बायकोने त्या संध्याकाळी नुसतं विचारलं, "मंग त्यायले जेवाले कोण देते आता?" मी म्हणालो, त्याचं आतडं देईल. ती उठून गेली.

शेड पडलं. आम्ही रिसालीच्या वाटेवर नवी जागा धरली, पुन्हा टिनाची, पुन्हा चहापासून. पुढे ती खानावळ झाली, भिंती आल्या, धुराडंही आलं, पण तोवर बायकोच्या डोळ्यांना त्याचा उपयोग उरला नव्हता. वाढताना ती ताट हाताने चाचपून घेत असे. हा हिशेब मी त्याच्या नावावर मांडला आहे आणि तो मी पुसलेला नाही. त्याच्या खोल्या पुढे कुणाला तरी सिमेंटच्या गोण्या ठेवायला हव्या झाल्या. खात्याने त्याला परत बोलावलं. बाटल्या फोडून, मांजरांना पायरीवर सोडून तो नागपूरला गेला म्हणे. काही वर्षांनी नागपूरच्या एका गिऱ्हाइकाने सहज सांगितलं की तो वारला, पोटाच्याच दुखण्याने. मी म्हणालो, बरं. आणि त्या गिऱ्हाइकाशी भात जास्त घेतला म्हणून भांडलो.

या सगळ्याला आता पुष्कळ वर्षं झाली. मध्यंतरी मला जळजळ सुरू झाली म्हणून मुलाने दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरणाताठा, बोलायला गोड. भिंतीवर पोटाचं रंगीत चित्र. मला समजावू लागला की काका, तेलकट कमी करा. तेल आतड्याच्या या वळणावर आलं की अस्तरातून एक रस सुटतो, रक्तातून वर जातो आणि सांगतो की बस झालं. मी खुर्चीत सरळ झालो. विचारलं, हे कुणी शोधलं? तो म्हणाला, विलायतेत, अमेरिकेत, पुष्कळ लोकांनी, आता अलीकडे पक्कं झालं. मी म्हणालो, खोटं. आमच्या रुआबांध्याला एका माणसाने कारखाना बांधत होते तेव्हाच काढलं होतं. डॉक्टर हसला. त्यांनी कुठे छापलं होतं का, असं त्याने विचारलं.

आता मला काय माहीत. मी आवाज चढवला. म्हणालो, छापायचं काय त्यात? माझ्या शेडात रोज पंगतीच्या पंगती बसायच्या, त्यांच्या ताटात लिहिलेलं होतं. सहाचा माणूस चारावर उठायचा, मी या डोळ्यांनी पाहिलं आहे. मांजर पाहिलं आहे दुधाला तोंड न लावणारं. तुमच्या त्या विलायतवाल्यांना सांगा, सगळं नाही तर अर्धं तरी त्याच्या नावावर करा. अर्धं नाही तर पाव. बाहेरच्या बाकावरची माणसं आत डोकावायला लागली. मुलगा माझा दंड धरून "बाबा, चला" म्हणत होता. जन्मभर मी भाव पाडत आलो. वाढवून मागायची मला सवय नव्हती, त्यामुळे कुठे थांबायचं ते मला कळेना.

डॉक्टरने मला बोलू दिलं. मग गोळ्यांची चिठ्ठी लिहिता लिहिता, मान वर न करता, म्हाताऱ्या माणसाशी बोलतात तसं हळू त्याने विचारलं, "तुमचे कोण होते ते?"

त्या माणसाबद्दल किती शिव्या मी जपून ठेवल्या होत्या. एकही वेळेवर सापडेना.

"कोणी नाही जी," मी म्हणालो. "आमच्याकडे जेवत होते."